फक्त मान हलवायची होती

हे मी कधी सांगितलेलं नाही. म्हणजे — अर्धं सगळ्यांना सांगितलंय. लग्नाघरी, बारशाला, वडीगोद्रीला बसची वाट बघताना अनोळखी बायकांनासुद्धा. पण ते हसायचं अर्धं. उरलेलं अर्धं एकीलाच सांगितलं, आणि तेही फार उशिरा. आज तुम्ही समोर बसल्यासारखे वाटताय म्हणून बोलते. घरात कुणी नाही. आणि माझं वय आता असं झालंय, की आपण कुठं काय लपवलं हे लक्षात ठेवण्याचाच जास्त त्रास होतो.

आधी हसायचंच घेऊ. त्यानं तुमचा-माझा संकोच मोडेल.

जालना वेगळा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. आमचं गाव अंबड तालुक्यात, वडीगोद्रीजवळ, मोठ्या रस्त्याला लागून. औरंगाबादहून एक बाई आल्या — तरुण, चष्मेवाल्या, खांद्याला कापडी पिशवी. मानसशास्त्रात मोठी पदवी घ्यायची होती त्यांना. गावातल्या बायकांचा स्वभाव तपासणार म्हणाल्या. आता तपासणी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं काय येणार? दवाखाना! आणि दवाखान्यात तपासणीला जायचं तर काय सांगतात? उपाशीपोटी या. स्वभाव म्हणजे काही रक्तापेक्षा हलकी वस्तू आहे का? — मी आदल्या संध्याकाळपासून पोटात काही घातलं नाही. चहाचा घोटसुद्धा नाही. वर शहाणपणा असा, की ही युक्ती शेजारणींना सांगितली नाही. त्यांची तपासणी चुकली तर चुकू दे, माझी बरोबर आली म्हणजे झालं! खरं सांगायचं तर तिथंच माझा स्वभाव तपासून झाला होता. त्या बाईंना उगाच औरंगाबादहून यावं लागलं.

बाईंकडं एक लाकडी पेटी होती. तिला रांगेनं बारकी झाकणं. काही झाकणांखाली पेढा. काहींखाली नुसता मोकळा खण — ते झाकण उचललं की आतली घंटी कर्रकन वाजायची, आणि आधी मिळालेल्यातला एक पेढा परत ठेवायचा. हवी तेवढी झाकणं उघडा, हवं तेव्हा थांबा. एवढाच खेळ. सोबत थोडे तोंडी प्रश्न — कुणी रागावलं तर ते किती वेळ मनात राहतं, जत्रेत नवं दुकान दिसलं की पाय आपसूक वळतात का, असले. बाईंनी आम्हाला सगळ्यांना बसवून समजावलं होतं, “ही परीक्षा नाही. यात चूक-बरोबर काही नाही. कुणाला मिळण्याची ओढ जास्त असते, कुणाला गमावण्याची भीती जास्त असते. तेवढंच मला मोजायचंय.”

मला ते पटकन कळलं. आमच्या गोठ्यात दोन बैल तसेच होते. एक पेंडीचं टोपलं दिसलं की दावं तोडून धावायचा. दुसरा कासऱ्याला हिसका बसेल या धाकानं टोपल्यापुढंही उभाच. दोघांचं काम सारखं, चारा सारखा, पण घडण वेगळी. तर बाईंना माणसांतले असे बैल वेगळे काढायचे होते.

आता सांगा, रात्रभर उपाशी असलेल्या बाईला पेढ्यांच्या पेटीपुढं बसवल्यावर काय होणार? घंटी वाजली तरी मी दचकले नाही. माझं पोट तिच्यापेक्षा मोठ्यानं वाजत होतं. एक झाकण सोडलं नाही. जो पेढा परत ठेवायचा, तो हातातून तोंडात कधी गेला कळलं नाही, आणि बाई “अहो, अहो” करत राहिल्या. निकाल काय? भीती जवळजवळ नाहीच, ओढ भरपूर. माझ्या स्वभावाचा नाही तो — माझ्या उपासाचा निकाल!

इथं सगळे हसतात. माझी नात तर पदर तोंडात धरल्यासारखा ओढणीचा बोळा करून हसते. मीही हसते, आणि डबा झाकून ठेवावा तशी गोष्ट इथंच बंद करते.

पण माझ्यानंतर त्या पेटीपुढं कोण बसलं, हे मला आजवर कुणी विचारलं नाही. आणि मीही कशाला सांगेन?

माझ्यानंतर बसली सुमन. माझी धाकटी जाऊ.

सुमन कशी होती हे सांगताना अजून माझे दात एकमेकांवर घासतात, म्हातारे झाले तरी. ती परतूरकडची. दहावी पास. मी सातवी, आणि सातवीही गुरुजींच्या दयेनं. ती या घरात आली तेव्हा मी चार-पाच वर्षांची जुनी सून होते. घर माझ्या हातात बसलं होतं. ही आली आणि घर तिच्याकडं कलंडलं — हो, कलंडलंच म्हणते. मामंजी पेपर वाचून घ्यायला तिला हाक मारू लागले. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, ज्यांनी माझ्या भाकरीला कधी बरं म्हटलं नाही, त्या तिच्या भाकरीचा पापुद्रा शेजारणीला दाखवू लागल्या. माझा स्वतःचा मुलगा, माझ्या पोटचा, दुपारी झोपायला तिच्या कुशीत जायचा. कारण काय? काकी गोष्ट सांगते. अरे, मग मी काय मुकी होते?

आणि ती हसायची. गडगडून, मागं मान टाकून. हसायला कारण नसलं तरी हसायची. त्या हसण्याचा मला एवढा राग यायचा की ती हसली की मी भांडी जोरात आदळायचे. तिला वाटायचं आक्काच्या हातातून भांडं निसटलं. धावत यायची उचलायला! सांगा, अशा बाईचं काय करावं?

धीट तर इतकी, की एकदा आत्याबाईंना दम्याचा झटका आला, अंबडला न्यायचं होतं, आणि बस फाट्यावर थांबेना. पुरुष माणसं हात करकरून थकली. ही पदर खोचून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. बसनं करकचून ब्रेक मारला. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, “ए बाई, मरायचं हाय का तुला?” तर ही म्हणते कशी, “मला न्हाई मरायचं, म्हातारीला जगवायचं हाय. दार उघडा जल्दी.” गावभर आठवडाभर तेच चाललं होतं. मी काय केलं? मी म्हटलं, घरंदाज बाईनं असं रस्त्यात उभं राहू नये. माझं कुणी ऐकलं नाही. आत्याबाई तर मुळीच नाही — ज्या तिच्यामुळं जिवंत होत्या!

त्याच हंगामात आमच्या गावात बालवाडी निघायची होती. एक संस्था काढणार होती. गावातलीच एक शिकलेली बाई घ्यायची, तिला काही महिने औरंगाबादला शिकायला पाठवायचं, मग तीच इथली बालवाडीताई. पगार बेताचाच, पण पगाराचं काय घेऊन बसलात! घराबाहेर पडायचं, सकाळी धुतलेलं लुगडं नेसून रस्त्यानं जायचं, आणि लोकांनी ‘ताई’ म्हणायचं. सुमननं तर त्याची आधीच तयारी सुरू केली होती. दुपारी शाळेच्या भिंतीलगत गावातली बारकी पोरं गोळा करायची आणि चिंचोक्यांनी अक्षरं मांडायला शिकवायची. एक दिवस मला म्हणाली, “आक्का, माझं झालं तर मी पोरांना रोज नवं गाणं शिकवीन. मला दुसरं काहीच नको बगा.” असं डोळे मोठे करून. दुसरं काहीच नको!

गावानं तिचं नाव धरूनच टाकलं होतं. आणि मीही माझं नाव दिलं. सातवीवाली. का दिलं? मला बालवाडी चालवायची होती का? मुलांच्या नाकाला हात लावायचा मला कंटाळा. खरं सांगते — मला ती जागा नको होती. ती तिला मिळायला नको होती, एवढंच.

इथं जरा थांबू द्या.

बाईंनी दोन प्रकारची माणसं सांगितली ना — मिळण्याकडं ओढली जाणारी आणि गमावण्याला भिणारी? मी पुष्कळ वर्षं विचार केला की मी त्यातली कुठली. मला पेढ्याची ओढ नव्हती. भूक होती, ती वेगळी. घंटीचीही भीती नव्हती. माझ्यात तिसरंच काहीतरी होतं. स्वतःच्या ताटात काय पडलं हे न बघता शेजारच्या ताटाकडं बघत जेवणारी बाई मी. तिच्या ताटातून गेलं की मला वाढल्यासारखं वाटायचं. त्याला त्या पेटीत झाकण नव्हतं. नाहीतर बाईंनी पहिल्या दिवशीच मला पकडलं असतं.

तर तपासणी आमच्याच माजघरात होती, कारण गावात पाट, सतरंजी आणि उजेड एकत्र असलेली खोली तेवढीच. बाईंचा एक नियम होता, तो त्यांनी दोनदा सांगितला — जिचा नंबर असेल ती एकटीच आत, दुसरं कुणी नको. माझ्या वेळी मी सुमनला बाहेर काढलं, दार लोटून घेतलं. तिचा नंबर आला तेव्हा ती आत गेली आणि मीही गहू निवडायचं सूप घेऊन तिच्यामागून आत शिरले. बाईंना हळूच म्हटलं, “परक्या माणसापुढं तिला बोलता येत नाही हो. मी कोपऱ्यात बसते, तिला धीर राहील.” बाई भल्या होत्या. म्हणाल्या, बरं, पण बोलू नका. मी म्हटलं, छे, मी कशाला बोलते?

बोलायची गरजच नव्हती. हेच त्या बाईंना ठाऊक नव्हतं.

आमच्या घरात एक रीत होती. कुणी शिकवलेली नव्हती. सून उंबरा ओलांडून आत आली की आपोआप तिच्या अंगाला लागायची. थोरल्या जावेसमोर धाकटीनं आपण होऊन काही घ्यायचं नाही. बांगड्यावाली आली की आधी थोरलीचा हात, आणि धाकटीनं कुठल्या रंगाला हात घालायचा तर आधी थोरलीकडं बघायचं. वाण असो, बाजारातून आलेला खाऊ असो, कुणी पाहुण्यानं पुढं केलेलं फळ असो — धाकटी बघणार, थोरली मान हलवणार, मग तिचा हात पुढं जाणार. दिवसातून कैक वेळा मी न बघताच मान हलवायचे. तीही नकळत बघायची. श्वासासारखं होतं ते. थोरली खोलीत नसली तर काही प्रश्नच नाही. वाटेल ते घ्यावं. पण थोरली खोलीत असली तर?

सुमन पेटीपुढं बसली. बाईंनी खेळ सांगितला. तिचे डोळे हसायला लागले — तिला असले खेळ फार आवडायचे. तिनं हात उचलला, पहिल्या झाकणावर नेला, आणि थांबवला. आणि माझ्याकडं पाहिलं.

मी गहू निवडत होते.

तुम्हाला वाटेल, एवढंच? हो, एवढंच. मी तिचं बघणं बघितलं. डोक्यावरून पदर पुढं ओढला, सुपातला एक खडा शोधायला लागले. नसलेला खडा. तिचा हात तिथंच. पुन्हा तिनं बघितलं. मी खडाच शोधतेय. किती वेळ गेला? मला तो सुपातला एकेक दाणा आठवतो, म्हणजे फार वेळ गेला असणार. शेवटी बाई म्हणाल्या, “घ्या ना ताई, घाबरू नका.” घाबरू नका! त्या क्षणी बाईंनी त्या थांबलेल्या हाताला नाव देऊन टाकलं. मी ते ऐकलं, आणि माझ्या छातीत काय झालं सांगू? गोड वाटलं. पेढ्यापेक्षा गोड.

परक्या बाईनं म्हटलं म्हणून सुमननं चाचरत एक झाकण उचललं. नेमकी घंटी. मी बोलायचं नाही असं कबूल केलं होतं, म्हणून बोलले नाही. नुसतं ‘च्च’ केलं. आत्याबाई दूध उतू गेल्यावर करायच्या ना, तसं.

त्यानंतर तिनं झाकणाला हात लावला नाही. “बास झालं, मला नको,” म्हणाली. तोंडी प्रश्नांना तर ती जमिनीकडं बघूनच उत्तरं देत होती. कुणी रागावलं तर मनात राहतं का? — राहतं. किती वेळ? — लई वेळ. थोरली जाऊ खोलीत बसलेली असताना दुसरं काय उत्तर देणार ती?

आणि एवढ्यावर थांबले असते तरी मी आज कदाचित तुमच्या नजरेला नजर दिली असती. पण बाई पेटी आवरत होत्या, सुमन चूल बघायला गेली होती, तेव्हा बाईंनी मला विचारलं की या नेहमी अशाच असतात का. आणि मी — रस्त्यात उभी राहून बस थांबवणाऱ्या बाईबद्दल — म्हटलं, “पहिल्यापासून भित्री हो ती. सावलीला दचकते.”

बाईंचा दोष नाही. खरंच नाही. संस्थेचे साहेब दुसऱ्या दिवशी आले आणि त्यांनी बाईंना दोघींबद्दल विचारलं, तेव्हा त्या आधी नाहीच म्हणत होत्या. “माझं मोजमाप नोकरीसाठी नाही,” म्हणाल्या. साहेबांनी फारच धरलं तेव्हा काळजीनं म्हणाल्या, “सुमनताईंवर एकदम जबाबदारी टाकू नका, त्यांना त्रास होईल. त्या फार भितात.” मी दाराआड उभी होते. मला ते ऐकायचंच होतं.

जागा मला मिळाली.

मी औरंगाबादला शिकायला गेले. माझी दोन पोरं कुणी सांभाळली? तिनं. मी परत आले, सकाळी धुतलेलं लुगडं नेसून बालवाडीत जाऊ लागले. माझ्या मागं म्हशी, चूल, वेचणी, आत्याबाईंचं औषधपाणी कुणी बघितलं? तिनंच. पहिले काही दिवस बालवाडीतली पोरं मला विचारायची, “ताई, त्या काकी कधी येनार?” मी त्यांना दटावायचे. नंतर विचारेनाशी झाली. पोरं विसरतात. बरं असतं ते.

पण मी एवढं मिळवून गप्प बसले असते तर ती मी कसली? तो एक शब्द मी घरात आणला आणि वापरला. भित्री. सुमनला बाजाराला एकटीला नको पाठवायला, भित्री आहे. तिला काय विचारता शेत वाटपाचं, ती घाबरते. औरंगाबादच्या बाईनं मोजलंय, माझं काय, मी आपलं मोजमापातलं सांगते! हळूहळू आत्याबाईही म्हणायला लागल्या. दीर म्हणायला लागले. मग पोरं. एकदा, फार सुरुवातीला, तिनं मला विचारलं होतं — भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता — “आक्का, मी भित्री आसते तर मंग ती बस कशी काय थांबवली आसती?”

बघा, तिच्या हातात पुरावा होता. आणि मी काय केलं असेल? मी हसून म्हटलं, “अगं येडे, ती बी भीतीच. म्हातारी मरंल म्हणून घाबरली व्हतीस तू. घाबरट माणूसच असं काहीबाही करतं.”

ती विचारात पडली. आणि तिला ते पटलं.

हे मला सगळ्यांत जास्त छळतं. जागा घेतली ते घेतलं. पण तिच्या हातातली ती एक गोष्ट, जी बघून ती स्वतःला ओळखू शकली असती, तीही मी काढून घेतली आणि उलटी करून परत दिली. त्यानंतर तिनं काहीही धीटपणाचं केलं की ती स्वतःच म्हणायची, भीतीपोटी केलं बाई. मग तसं करणंही कमी झालं. फाट्यावर जायची ती पोरगं सोबत घेऊन जाऊ लागली. बोलताना आधी दुसऱ्याचं तोंड बघू लागली — कुणाचंही, फक्त माझंच नाही. गडगडून हसणं कधी बंद झालं ते मला सांगता येणार नाही. मी भांडी आदळायची बंद केली, एवढं आठवतं.

पुढं गावात बायकांचा बचत गट निघाला. बायकांनी एकमुखानं सुमनचं नाव घेतलं अध्यक्ष म्हणून. त्या काही माझ्यासारख्या आंधळ्या नव्हत्या. ती उठून उभी राहिली, हात जोडले, म्हणाली, “मला नका बाई धरू. माझ्यात तेवढी हिंमत न्हाई. आक्काला करा.” आणि अध्यक्ष कोण झालं? मीच. फोटोत मधोमध मी, कडेला ती, अर्धी कापलेली.

वर्षं गेली. आत्याबाई गेल्या, मामंजी गेले, एका घराची दोन घरं झाली. मी बालवाडीतून मोकळी झाले. मला वाटलं, हे असंच माझ्यासोबत सरणावर जाईल, कुणाला कळणार नाही.

पण सुमनची धाकटी, मीना, बारावी झाली आणि तिचा औरंगाबादला नर्सिंगला नंबर लागला. घर खूश. फक्त सुमन नाही. उन्हाळा होता. आम्ही दोघी ओसरीवर शेवया करत बसलो होतो — मी पाटावर वळत होते, ती खाली तार झेलून काठीवर टाकत होती. या कामात एकीला उठता येत नाही. एक उठली की दुसरीची तार तुटते. मी म्हटलं, मीनाला कधी सोडायचं? ती म्हणाली, “न्हाई पाठवायची. आक्का, पोरगी माझ्यावर गेली हाय. तिथं रक्त बघायचं, रातीबेराती एकटीनं ऱ्हायचं. घाबरून मरंल ती. माझ्या रक्तातच हाय ते, तिचा काय दोष?”

माझ्या रक्तातच हाय ते.

माझा हात पाटावर थांबला. मी आजवर जे लावलं होतं ते आता पुढच्या पिढीत चाललं होतं, आणि लावणारी समोर बसून शेवया वळत होती. मी बोलायला लागले. कसं, कुठून, आता आठवत नाही. उपास सांगितला — तिला तो पाठ होता, ती हसायच्या तयारीत होती. मग नियम सांगितला, की आत दुसरं कुणी नको होतं. सूप सांगितलं. सुपात खडा नव्हता हे सांगितलं. तू दोनदा बघितलंस आणि मी दोन्ही वेळा बघितलं होतं, हे सांगितलं. ‘च्च’ मुद्दाम केलं हे सांगितलं. बाईंना मागून काय बोलले ते सांगितलं. बसचं तुला जे उलटं समजावलं, ते खोटं आहे हे तेव्हाही मला ठाऊक होतं, हेही सांगितलं. का केलं असं तिनं विचारलं नाही. तरी मी सांगितलं — तुझा मला हेवा वाटायचा, अजून वाटतो.

तिच्या हातात ओल्या शेवया तशाच लोंबत होत्या. तुटून खाली पडत होत्या, ती झेलत नव्हती. मी वाट बघत होते. ती शिव्या देईल, पीठ माझ्या तोंडावर मारेल, उठून जाईल, दोन घरांची दारं आजपासून बंद म्हणेल — प्रत्येकाची मी तयारी ठेवली होती. खरं सांगू? तिनं तसं काही केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तेवढ्यापुरतं.

तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. ती ओसरीपलीकडं, रस्त्याकडं बघत होती. मग फार हळू, माझ्याशी नव्हे, जणू दुसऱ्याच कुणाशी बोलावं तसं तिनं विचारलं —

“म्हंजी, आक्का... मी भित्री न्हवतेच?”